लाइनीतली हवा

किचनच्या नळाची धार शुक्रवारी सकाळी बारीक झाली आणि संध्याकाळपर्यंत नुसते थेंब उरले. आरतीने फिटरला बोलवायला मोबाईल हातात घेतला, तर महादेवरावांनी तो तिच्या हातून जवळजवळ हिसकावलाच. या घरात फिटर? वलगावच्या पलीकडच्या एका गावात ज्या माणसाने तीस वर्षं घराघरात पाणी पोचवलं, त्याच्याच घरातल्या नळाला परका हात लागणार? त्यांनी सुनेला स्वच्छ सांगून टाकलं की नळाच्या वाट्याला कोणी जायचं नाही. शनिवारी जेवणं झाली की ते स्वतः बघतील.

माणूस तसा खरोखर तयारीचा, खोटं कशाला बोला. ग्रामपंचायतीत पाणीपुरवठ्याच्या कामावर होते. पहाटे पंप चालू करायचा, टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायची, गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, ही त्यांची नोकरी. पाइप कुठे फुटला ते शोधायला दुसरी माणसं अर्धा रस्ता खणायची. महादेवराव लोखंडी सळईचं एक टोक जमिनीत खुपसायचे, दुसरं कानाला लावायचे आणि बोट दाखवून म्हणायचे, इथे खणा. निम्म्याहून जास्त वेळा पाणी तिथेच निघायचं. उरलेल्या वेळांविषयी ते बोलत नसत.

बायको गोदाबाई गेली, नोकरी संपली, तेव्हा शेत ठोक्याने दुसऱ्याला कसायला देऊन ते अकोल्याला मुलाकडे राहायला आले. मनोजचं घर जठारपेठेत. तो बियाणं-औषधांच्या दुकानात कामाला. सकाळी नऊला जायचा तो थेट रात्रीच्या जेवणाला उगवायचा. घरात आरती आणि अडीच वर्षांची मैना. या तिघांच्या घरात महादेवरावांना करायला काय होतं? पेपर वाचायचा, चौकापर्यंत जाऊन यायचं आणि चार दिवसांआड नळ आले की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं. रिकामपणाने माणूस कुजतो म्हणतात, तसे ते कुजायला लागले होते.

आणि मग आरतीला नोकरी लागली. चांदूर बाजारची ही मुलगी लॅब टेक्निशियनचा कोर्स करून बसलेली. लग्न, बाळंतपण, पोरीचं दुखणंखुपणं यात सर्टिफिकेट कपाटातच पडून राहिलं होतं. आता घरापासून दहा मिनिटांवर रक्त तपासायची एक मोठी लॅब निघाली होती आणि सोमवारी, दहा ते पाच, तिला रुजू व्हायचं होतं. प्रश्न होता मैनाचा. पाळणाघराचा विषय निघाला तेव्हा महादेवराव ताटावरून अर्धवट उठले होते. "काहून? मी मेलो काय? माह्या नातीले परके लोक सांभाळतीन?" त्यांनी आरतीला शब्द दिला की पोरीच्या केसालाही धक्का लागणार नाही. आरतीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने त्यांच्या पाया पडून लॅबला होकार कळवला. त्या दिवसापासून म्हाताऱ्याची चाल बदलली. चौकातल्या ओट्यावर बसणाऱ्यांना ते सांगत सुटले की सोमवारपासून आपली ड्यूटी सुरू.

तर अशा माणसाला शनिवारी दुपारी नळ मिळाला.

जेवणं झाली, मनोज दुकानात. आरती सोमवारसाठी डबा आणायला आणि भाजी घ्यायला चौकात निघाली. एप्रिलचं ऊन, म्हणून घराच्या खिडक्या गच्च लावलेल्या. त्यात लाइन गेलेली, दिवे-पंखे बंद. लाइन येईपर्यंत थांबा असं आरती म्हणत होती. महादेवरावांनी हात झटकला. नळ दुरुस्त करायला लाइन कशाला लागते?

मैना त्यांच्या मागेमागे. तिला मदतीला घेऊन, तिला शिकवत शिकवत त्यांनी काम सुरू केलं. आधी रोग कुठे आहे ते पाहायचं. बाथरूमचा नळ सोडला, धो धो पाणी. बेसिनचा सोडला, तिथेही जोर. पण ते दोन्ही बोअरच्या खाऱ्या पाण्यावर, गच्चीवरच्या मोठ्या काळ्या टाकीतून. किचनला नळाचं गोडं पाणी येतं, त्याची छोटी पांढरी टाकी वेगळी. प्यायला जार आणायचे, भाजी-भांडी, धुणं-विसळणं सगळं त्या टाकीवर. म्हणजे दुखणं पांढऱ्या टाकीपासून या तोटीपर्यंतच कुठेतरी होतं. चला, अर्धं गाव सुटलं, ते मैनाला म्हणाले.

तोटीला फडकं गुंडाळून त्यांनी तोंडाची जाळी फिरवून काढली. जाळीत पांढरी कणी बसली होती. खार, त्यांनी ठरवलं. नखाने खरवडली तर निघेना. आता गोड्या पाण्याला खार कुठून येईल, हा विचार त्यांच्या डोक्यात यायला पाहिजे होता. पण अकोल्यात पांढरं काही दिसलं की खार म्हणायची सवय. जाळी लिंबाच्या पाण्यात टाकून ठेवली आणि बिनजाळीचा नळ सोडून पाहिला. तरी थेंबच. म्हणजे जाळीचा गुन्हा नव्हता.

मग सिंकच्या खालचा, पाणी बंद करायचा कॉक. तो सिलिंडरच्या मागे, भिंतीला. ओट्याखाली वाकून महादेवरावांनी सिलिंडर हातभर पुढे ओढला. जड होता, अडकला, मग एकदम सरकला. मागे हात घालून कॉक चाचपला, तर तो पूर्ण उघडा. पाणी वरूनच येत नव्हतं तर.

आता खरी विद्या. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर पाइपाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. सूं... बारीक, एकसारखा, न थांबणारा आवाज. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तीस वर्षांत हा आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता. टाकी रिकामी होऊन परत भरली की पाइपात हवा कोंडते, पाणी पुढे सरकत नाही. उपाय सोपा. जोड जरा सैल करायचा, हवा निघून जाऊ द्यायची, मागोमाग पाणी आपोआप येतं. फिटर असता तर पहिले अर्धी भिंत फोडून बसला असता.

पान्याने त्यांनी कॉकचा नट दोन आटे सैल केला. थेंब पडला नाही, पण सूं चालू राहिलं. निघू दे, निघू दे, म्हणत ते फरशीवरच फतकल मारून बसले आणि मैनाला मांडीवर घेतलं.

"ऐक बाई, हवा निघून राहिली."

मैनाने कान दिला. तिलाही ते ऐकू आलं, मान हलवली. मग तिने नाक दाबलं आणि 'छी' म्हणाली. महादेवरावांनी तिची चड्डी तपासली, कोरडी होती. सिंकखालच्या कोंदट जागेला म्हणत असेल. त्यांनी तिला राजा आणि बोलक्या पोपटाची गोष्ट सांगितली. ती संपली तरी हवा काही संपेना. दहा मिनिटं झाली असतील, पंधरा झाली असतील. मैना परत 'छी छी' करत मांडीवरून उठायला लागली. तिला बिस्किट देऊन बसवलं.

एवढा वेळ हवा निघते म्हणजे जोड नीट सैल झाला नसावा. बघायला पाहिजे. ओट्याखाली अंधार, मोबाईल चार्जिंगअभावी बंद. देवघरातली काडेपेटी त्यांनी उचलून आणली. गावाकडे पंपघरात असंच पाहायचे, काडी ओढायची आणि हाताच्या आडोशाने धरायची. ते गुडघ्यांवर बसले, वाकले, ओट्याखाली डोकं घातलं. मैना त्यांच्या पाठीला टेकून उभी, काय दिसतंय म्हणून डोकावत. त्यांनी पेटीतून काडी काढली.

"मामाजी, काडी खाली ठेवा."

आवाज अगदी हळू होता. आरती किचनच्या दारात उभी होती. भाजीची पिशवी हातातून सुटून पडली होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. तिचा चेहरा पांढराफटक.

"पेटवू नका. खाली ठेवा. हालू नका."

महादेवरावांनी काडी खाली ठेवली. त्यांना काही उमगलं नाही. सून असं का बोलते, तिला कसली भीती वाटली? आरती पुढे आली, मैनाला खसकन उचलून तिने अंगणात नेऊन उतरवलं, परत धावत आली, सिलिंडरचं रेग्युलेटर फिरवून बंद केलं आणि एकामागून एक खिडक्या उघडत सुटली. सूं थांबलं. तेव्हा कुठे महादेवरावांच्या लक्षात आलं की ती हवा पाइपातली नव्हतीच. सिलिंडर ओढताना रबरी नळी ताणली गेली होती आणि रेग्युलेटरजवळ तिला बोटभर चीर पडली होती. घरभर गॅस होता. आणि ते काडी ओढणार होते, पोरगी पाठीला टेकलेली.

अंगणात पायरीवर आरती बसली ती उठेचना. मैनाला छातीशी धरून ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की दारातच वास आला, फाटकापर्यंत वास येत होता. महादेवराव समोर उभे होते. मग तिने मान वर करून विचारलं की मामाजी, तुम्हाला सर्दी झाली आहे काय?

"हो," ते म्हणाले. "दोन दिवसांपासून."

सर्दीबिर्दी काही नव्हती. पण हे खोटं इतक्या पटकन तोंडातून निघालं की त्यांचं त्यांनाच खरं वाटलं.

आरतीने त्यांना एका शब्दाने दुखवलं नाही. उलट फोन गेल्यावर मनोज संध्याकाळीच घरी आला आणि बापावर डाफरायला लागला, तर तिनेच त्याला गप्प केलं. चूक नळीची होती, ती जुनी झाली होती, बदलायची राहिली ती तिच्याकडून. मामाजींना सर्दीमुळे कळलं नाही. सोमवारपासून ती निघताना रेग्युलेटर बंद करूनच जाईल, म्हणजे घोर नाही. सोमवार कायम होता. महादेवराव खाटेवर बसून ऐकत होते.

नवी नळी बसली, लाइन आली, चहा झाला. मग मनोज हट्टाला पेटला की नळाचं मूळच काढतो. गच्चीवरून किचनकडे उतरणाऱ्या पाइपाचा कोपरा त्याने आरीने कापला. आतून पाण्याऐवजी दगड निघाला. पांढरा, गुळगुळीत, पाइपाच्याच आकाराचा, बोटभर लांब. मनोजने तो हातावर घेऊन उलटा-सुलटा केला. त्याने आणि बापाने पांढऱ्या टाकीत वाकून पाहिलं, तर तळाशी तसाच पांढरा थर बसलेला, खिळ्याने टोकरला तरी निघेना.

"व्हाइट सिमेंट हाये हे," मनोज म्हणाला. "त्या सूर्यभानचंच काम."

सूर्यभान मिस्त्रीने पंधरा दिवसांपूर्वी बाथरूमच्या फरशीचे सांधे भरले होते. मनोजने तिथूनच त्याला फोन लावला. काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. सिमेंटचं घमेलं पोरीच्या पाण्याच्या टाकीत धुतलंस, त्याच पाण्याने तिच्या दुधाच्या बाटल्या विसळल्या, तुला लाज नाही, माणूस आहेस की कोण आहेस, असं बरंच. पलीकडून सूर्यभान शपथा खात होता, ते गच्चीभर ऐकू येत होतं. शेवटी तो म्हणाला की उद्या सकाळी स्वतः येतो आणि डोळ्याने बघतो.

महादेवराव टाकीला धरून उभे होते. गेल्या रविवारी त्यांनीच या टाकीत पावडर टाकली होती.

टाकी म्हणजे टाकी, मग ती गावाची असो की घरची. महिन्यातून एकदा टीसीएल पडली पाहिजे, हा त्यांचा नेम. मनोज हसायचा, आरतीला कौतुक वाटायचं. जिन्याखालच्या फळीवर त्यांचा पावडरचा डबा असायचा, रंगाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा, निळ्या झाकणाचा. गावाकडे ते बादलीत पावडर कालवायचे, निवळू द्यायचे, मग वरचं पाणी तेवढं टाकीत सोडायचे. इथे एवढ्याशा टाकीसाठी कोण तेवढं करतं? त्या रविवारी त्यांनी दोन वाट्या पावडर मगात कालवली आणि सगळी वरून ओतली. पण टीसीएल आणि सिमेंट यांत माणूस चुकेल कसा? टीसीएलचं झाकण उघडलं की नाकात वास घुसतो, आंधळ्यालाही कळतं. चुकणं शक्यच नव्हतं. ते स्वतःला हेच बजावत राहिले.

रविवारी सकाळी घरातले चहा घेत असताना ते जिन्याखाली गेले. फळीवर एक नाही, दोन डबे होते, दोन्ही निळ्या झाकणाचे. सूर्यभानने उरलेलं सिमेंट कामाला येईल म्हणून त्याच्याकडच्या रंगाच्या डब्यात भरून ठेवलं होतं. पहिला डबा उघडला, त्यात वर त्यांचीच वाटी खोचलेली, आणि भुकटी निम्मी झालेली. दुसरा उघडला, तो मागच्या महिन्यात नवी पावडर भरली तसाच शिगोशीग. त्यांनी नाक पार आत घातलं. डोळे झोंबले, पाणी वाहायला लागलं, घसा खवखवला. म्हणजे टीसीएल हीच. पण वास? वास काहीच नव्हता. पहिल्याला नव्हता तसा दुसऱ्यालाही नव्हता.

ते डोळे पुसत तिथेच उभे राहिले. मग किचनमध्ये गेले. आरती मैनाला आंघोळ घालत होती. त्यांनी हिंगाची डबी उघडली. काही नाही. लसणाची पाकळी नखाने चिरडली, नाकाशी धरली, काही नाही. फिनेलची बाटली. देवघरातला कापूर. पेट्रोलचे दोन थेंब लागलेलं मनोजचं फडकं. एक एक वस्तू ते घाईघाईने नाकाला लावत होते आणि टाकत होते. सगळं सारखंच, नुसती वारा लागल्यासारखी हवा. असं कसं होईल? कालपर्यंत तर येत होता. येत होता ना?

करोनाच्या साली घरातल्या सगळ्यांचाच वास गेला होता आणि महिन्याभरात सगळ्यांचा परत आला. एकमेकांना विचारलं तेव्हा त्यांनीही आला म्हणून सांगितलं होतं. मग रोज जेवायला बसताना भाजीचा काय वास सुटला म्हणायचे ते? ते तर लग्नापासूनची सवय म्हणून म्हणत होते. ताटात वांगं दिसलं की वांग्याचा, मेथी दिसली की मेथीचा. नाकाने कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात मैना टॉवेलात गुंडाळलेली दुडुदुडु आली आणि त्यांच्या पायांना बिलगली. आरतीने तिच्या डोक्याला तेल थापलं होतं, अंगाला पावडर लावली होती. महादेवराव खाली बसले. त्यांनी तिच्या ओल्या केसांत नाक खुपसलं आणि जोराने श्वास घेतला, परत घेतला, आणखी एकदा घेतला. मैनाला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली. म्हाताऱ्याला रडू फुटलं. त्यांना आता समजलं होतं की काल ही पोरगी नाक दाबून दोनदा त्यांना सांगत होती आणि त्यांनी तिला बिस्किट देऊन बसवलं होतं.

बोलायचं की नाही? कोणाला काय माहीत होतं? सर्दीची गोष्ट सगळ्यांनी मानली होती. नवी नळी बसली होती. रेग्युलेटर बंद राहणार होतं. मग वास येवो न येवो, काय फरक पडतो, असं त्यांचं एक मन म्हणत होतं आणि जोरात म्हणत होतं. बोलले तर उद्याचं काय? आरतीने खुर्चीवर कालच कोरा पांढरा कोट इस्त्री करून टांगला होता.

दहाच्या सुमाराला सूर्यभान आला. अंगाने वाळका, तोंडाने गरीब, रात्री झोपला नसावा. त्याने तो पांढरा दगड बघितला, टाकीचा तळ बघितला आणि हात जोडले. सिमेंट आपलंच आहे, नाकारत नाही, पण आपण गच्चीवर पायसुद्धा ठेवला नव्हता, तो परत परत सांगत होता. मनोज ऐकेना. शेवटी सूर्यभान म्हणाला की ठीक आहे, टाकी आणि पाइप दोन्ही बदलून देतो, फक्त चार लोकांत बदनामी करू नका. आणि तो खरोखर पाइप मोजायला लागला.

"राहू दे, सूर्यभान," महादेवराव म्हणाले. "म्याच टाकलं ते."

त्यांनी दोन डब्यांची हकिकत सांगितली. मनोजचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याला हसू आलं, सूर्यभानलाही आलं, इतकं हलकं वाटलं त्याला की तो जमिनीवर बसूनच हसला. आरतीही हसली. डबे एकसारखे, कोणीही फसलं असतं, त्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं ती म्हणाली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला वळली. मैना आजोबांच्या मांडीवर येऊन बसली. इथे थांबता आलं असतं. महादेवरावांना चांगलं कळत होतं की इथेच थांबता येतं.

"आरती," त्यांनी हाक मारली. "टीसीएल अन् सिमेंट वासावरून कळतात. कोणालेबी कळतात."

ती वळली.

"मले वास येत नाही. काहीचाच येत नाही. सर्दी नव्हती मले काल."

चहाचं भांडं तिच्या हातात तसंच राहिलं. हसणं ओठांवर होतं, ते जायला थोडा वेळ लागला. सूर्यभानने मान खाली घातली. आरती महादेवरावांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर काय उभं राहत होतं ते त्यांना दिसत होतं. दहा ते पाच. रोज. बंद घरात ही दोघं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही. चार-पाच वर्सं झाली असतीन. मलेच आज कळलं."

आरतीने भांडं ओट्यावर ठेवलं. ती सावकाश जवळ आली, वाकली आणि तिने मैनाला त्यांच्या मांडीवरून उचललं. तोवर तिने असं कधी केलं नव्हतं. पोरगी आजोबांजवळ असली की ती निर्धास्त असायची. मैनाने आजोबांचा सदरा मुठीत धरून ठेवला होता. महादेवरावांनीच तिची बोटं एक एक करून सोडवली.

"माह्यामुळे नोकरी नको सोडू पोरी," ते म्हणाले. "पाळणाघर पाहा. चांगलं पाहा. पण जा."

"मी पाळणाघराच्या भरवशावर हो म्हटलंच नव्हतं, मामाजी," आरती म्हणाली. "तुमच्या भरवशावर म्हटलं होतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्यांना सोसला असता. ती मैनाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून तिने लॅबच्या मॅडमना फोन लावला. रुजू व्हायला चार दिवस उशीर चालेल का, असं ती विचारत होती. पलीकडून काय उत्तर आलं ते बाहेर ऐकू येत नव्हतं. महादेवराव कान देऊन बसून राहिले.